कानबाई डोक्यावर, गुडघे मागे

माझे गुडघे मागे वळतात. कोपरंही वळतात आणि अंगठा मनगटाला टेकतो. शाळेत पाहुणे आले की योगासनांसाठी मला पहिल्या रांगेत बसवत. टाळ्या पडत. ती साधना नसून बिघाड आहे, हे पस्तिशी उलटल्यावर नंदुरबारच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं. सांधे धरून ठेवणारे बंध सैल आहेत, ते काम स्नायूंनी करायचं, आणि माझे स्नायू कमजोर.

"चालताना तुम्ही बऱ्या असता," त्या म्हणाल्या. "उभ्या राहिलात की गुडघा मागे लोटून त्याच्यावरच टेकता. तिथे तो दगा देतो."

मग वर्षभर मी खुर्चीतून सावकाश उठत होते आणि सावकाश बसत होते. घरच्यांना वाटे, हिचा निर्णय होत नाहीये.

त्या श्रावणात सासूबाईंची मान धरली आणि विसर्जनाची कानबाई माझ्या डोक्यावर आली. पाटावर सजवलेली, नथ घातलेली नारळाची देवी. आमच्या घरी ती एकदा उचलली की तापीच्या पाण्यापर्यंत टेकवायची नाही, दुसऱ्या डोक्यावरही द्यायची नाही, वाटेत दुसऱ्याचा हातही लागू द्यायचा नाही. घरात सगळे पाळतात असा हा एकच नियम.

मोठ्या जाऊबाईंनी मला जिन्यात कोसळताना पाहिलं होतं. उंबऱ्यातच त्यांनी सुनावलं, "तुन्हा पाय शेतस का सुतळी? पाडशी ना माय कानबाईले!"

"तीच लई जाई," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

आमच्या प्रकाशा गावाच्या गल्ल्यांतून मी नीट चालले. बायका पुढे नाचत होत्या, पाय थांबत नव्हते. घाट दिसू लागला आणि वाजंत्री बंद पडली. रस्त्यात मंडप होता, मंडपात पुढारी, आणि मागच्या फलकावर देवीपेक्षा मोठा त्यांचाच फोटो. हातात शाल घेऊन त्यांनी माईक धरला. खान्देशची संस्कृती, मातृशक्ती, मग आणखी मातृशक्ती.

मी गुडघे किंचित वाकवून मांडीवर भार घेऊन उभी राहिले. मांडी आधी तापली, मग थरथरू लागली. पाटाच्या कडेची फुलं हलायला लागली. भाषण नर्मदेपर्यंत पोचलं होतं. तापीला अजून वेळ होता. उजवा गुडघा मागे सरकताना मला कळत होता. हात वर पाटाला, खाली धरायला काही नाही.

जाऊबाईंचं लक्ष फुलांकडे गेलं, मग माझ्या पातळाखालच्या पायाकडे. "धरू का?" त्या पुटपुटल्या. पाट त्यांनी धरला असता तर नियम मोडला असता, आणि ओढाताणीत मान माझी लचकली असती. मी पाऊल टाकलं.

पुढारी शाल उघडत होते. मी त्यांच्या बाजूने निघून गेले. मग मागून जाऊबाईंचा खणखणीत आवाज आला, "चाला वं! मायले घाई शे!"

देवीलाच घाई म्हटल्यावर तिला अडवणार कोण? बायका मागे पळत सुटल्या, वाजंत्री सुरू झाली. लाउडस्पीकरवर मातृशक्ती आमच्या मागे बराच वेळ ऐकू येत राहिली.

घाटाच्या पायऱ्या मी खुर्चीत बसावं तशा उतरले, एकेक, मांडीवर तोल धरून. पाट पाण्याला टेकला तेव्हा जाऊबाईंनी माझं कोपर घट्ट पकडलं होतं.

"कानबाई पुढला साले मी लिसू," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"का? आज पडली का?"

"तुन्हामांगे पयी पयी मन्हा गुडघा गयात!"