शर्टातली चांदी

लग्न होऊन चेन्नईला आले आणि त्याच आठवड्यात ह्यांचा शर्ट धुतला म्हणून बोलणी खाल्ली. बादलीतलं पाणी मोरीत ओतणार तेवढ्यात थोरले दीर दारात येऊन उभे राहिले. "भट्टीवरचं कापड पाण्याला लावायचं न्हाय," ते म्हणाले. एवढंच बोलले, पण असे बोलले की जणू मी दागिनाच गटारात सोडला होता.

आमच्या घरचं काम गलाईचं. मोडीत आलेली चांदी आटवायची, तिच्यातलं तांबं वेगळं करायचं आणि चोख चांदीची लगड पाडून द्यायची. विट्याकडच्या आमच्या गावांतून घरटी एखादा माणूस तरी या कामाला कुठल्या ना कुठल्या शहरात गेलेला असतो. हे आणि थोरले भाऊजी चेन्नईच्या साहुकारपेठेत होते. भट्टीशी बसणाऱ्याच्या अंगावर चांदी उडते, फरशीवर सांडते, केरसुणीत अडकते. म्हणून दुकानातलं काहीच फेकायचं नाही. फुटकी मूस, झाडलेला केर, विरलेले शर्ट सगळं एका पोत्यात भरायचं आणि दिवाळीच्या आधी जाळून त्या राखेतून चांदी काढायची. बाकीच्या बायका नवऱ्याच्या शर्टाची कॉलर घासून घासून हाताची सालटी काढत होत्या आणि मी मळके शर्ट घडी घालून ठेवत होते. माझी आई बघती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता.

"नवरा चांदीचा मिळालाय, अजून काय पायजे?" हे मला चिडवायचे.

मला पाहिजे होतं ते एकच. ह्यांनी त्या धुरातून उठावं. तेजाबात, म्हणजे आसिडात, चांदी टाकली की तपकिरी धूर निघतो, घशाला चिकटणारा. थोरल्या भाऊजींची छाती त्यानेच गेली होती. जिना चढताना ते दोनदा थांबायचे. म्हणून तर भट्टी ह्यांच्याकडे आली होती. मी रोज भुणभुण लावायची आणि शेवटी भाऊजींनी शब्द दिला की दिवाळीनंतर भट्टीवर गडी ठेवू, धाकटा बाहेर गिऱ्हाइकं बघेल. दिवाळीला थोडेच महिने राहिले होते. त्सुनामीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

गलाईवाल्यांचा एक इलाज असतो. तेजाबाला बसायच्या आधी गुळाचा खडा तोंडात धरायचा आणि उठल्यावर आणखी एक खायचा. गूळ धुराला पोटात ओढतो, छातीत जाऊ देत नाही, असं सगळे मानायचे. त्यांचे वडील मानायचे, आजा मानायचा. मीही मानायची. गावाकडून गुळाची ढेप आली की तिच्यातला चांगला भाग मी दुकानासाठी काढून ठेवायची.

एका शुक्रवारी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून ते मला बघायला मिळाले. तंजावरकडचं जुनं मराठी घराणं, कित्येक पिढ्या इकडेच. रिक्षातून एक पत्र्याची ट्रंक उतरवून घेतली आणि आम्ही मराठी बोलतो हे ऐकून खुर्चीत ऐसपैस बसले. ट्रंकेत काटे, चमचे, सुऱ्या, पळ्या आणि खाली फडक्यात बांधलेले इंग्रज राजाच्या छापाचे रुपये. त्यांच्या आजोबांच्या घरी गोऱ्या साहेबांना जेवायला बोलवत, त्या वेळचं सामान.

"हें सारें वितळून टाका," ते म्हणाले. "लेकरें हातानें जेवतात. काट्यांची वाटणी कशी करणें? एकास सुऱ्या, एकास चमचे, मग भांडण. समान लगडी करून द्या. सोमवारीं रात्रीं त्यांचें विमान आहे."

भाऊजींनी विचारलं, सोमवार म्हणजे घाई होतेय, पुढच्या आठवड्यात चालेल का. म्हातारे मान हलवत राहिले. "सरी, बरें तर, दुसरीकडे देतों," असं म्हणून ट्रंकेचं झाकण लावायला लागले. भाऊजींनी हात धरला आणि सोमवार कबूल केला.

काम किचकट निघालं. सुऱ्यांच्या मुठी आतून पोकळ, त्यात राळ भरलेली. ती आधी काढावी लागली, नाहीतर मुशीत फटाके फुटले असते. रुपये तर निम्मेच चांदीचे. शेवटच्या राजाच्या काळातल्या नाण्यांत तांबंच फार असतं आणि तांबं फार म्हणजे तेजाब फार, धूर फार. शनिवार चिरण्यात, वितळवण्यात आणि गाळ काढण्यात गेला. तेजाबाचं काम रविवारी सकाळी करायचं ठरलं, कारण रविवारी बाजार बंद असतो आणि तपकिरी धूर दिसला म्हणून कोणी ओरडत नाही.

पण त्या रविवारी दुकानामागच्या बोळात शेजारच्या तमिळ घरातल्या सुनेचं वळैकाप्पू होतं. आपल्याकडे डोहाळजेवण करतात तसंच, फक्त तिकडे पोटुशीचे दोन्ही हात बांगड्यांनी भरतात. बोळात मांडव घातलेला, सतरंज्यांवर बायका बसलेल्या. आमच्या दुकानाचा धूर ओढणारा पंखा नेमका त्या बोळात उघडायचा. ह्यांनी पंखा बंद केला. खिडकी लावली आणि फटीत ओली पोती कोंबली.

भाऊजी म्हणाले, "उद्या पहाटे करू की."

"मग लगड कवा पाडायची? तवर म्हातारा दारात," हे म्हणाले. "आणि दादा, पोटुशी बाई हाय ती. तिच्या नाकात कशाला घालायचा?" भाऊजींची छाती ह्यांना माहीत होती, म्हणून त्यांना बाहेर बसवलं आणि दार ओढून घेतलं. हे सगळं भाऊजींनी मला नंतर सांगितलं, सांगताना प्रत्येक वेळी ते 'मला बाहेर बसवलं' इथे येऊन थांबत.

काम मात्र झालं. तेजाबात विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्यांवर बसली, धुऊन आटवून लगडी पाडल्या. हे दुपारी घरी आले ते खुशीत. डोळे लाल होते, थोडं खोकत होते. गुळाचा खडा खाऊन आले होते, मी आणखी एक दिला. आमटी-भात खाल्ला. त्या बायकांची गाणी आत ऐकू येत होती म्हणाले. "तुला दिवस गेले की असंच करू," असंही म्हणाले आणि मला हसू आलं. मग भिंतीला टेकून झोपले. शर्ट काढून मी नेहमीसारखी घडी घातली. गुळाने धूर ओढून घेतला, अशी माझी खात्रीच होती.

दिवे लागायच्या वेळी हे उठून बसले आणि त्यांना श्वास पुरेना. भाऊजींनी गरम पाण्यात गूळ विरघळवून पाजला. दुपारभर माणूस धडधाकट होता, मग सकाळच्या धुराचं आता काय, असं आम्हा दोघांनाही वाटलं. गार पाणी प्यायले असतील, रविवारचं जड जेवण झालं असेल, काहीबाही बोलत आम्ही वेळ घालवला. ओठ निळे पडले तेव्हा रिक्षा आणली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. भाऊजी धुराचं नाव काढेनात. वस्तीत तेजाब वापरायची परवानगी नव्हती, ती धास्ती तेव्हाही त्यांच्या तोंडावर दिसत होती. मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मीच म्हटलं, "आसिड पुगै, कालैल." आसिडचा धूर, सकाळी. बाईंनी ह्यांच्या छातीला नळी लावून पाहिली. मग त्यांनी सावकाश समजावलं. हा धूर छातीत गप्प बसून राहतो. माणसाला बरं वाटतं आणि तेवढ्यात छाती आतून पाण्याने भरत जाते. दुपारीच आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. दुपारी आम्ही आमटी-भात जेवत होतो.

सोमवार उजाडायच्या आत हे गेले.

त्याच दिवशी म्हातारे लगडी घ्यायला आले. शब्द दिलेला, म्हणून भाऊजी स्मशानातून परत येऊन, अंघोळ करून दुकान उघडून बसले होते. म्हाताऱ्यांनी लगडी हातात घेऊन पाहिल्या. "फार चोख," म्हणाले. "धाकटे कोठें गेले?"

"गावाला," भाऊजी म्हणाले.

मी तो रविवारचा शर्ट कोणाला दिला नाही. भाऊजींनीही मागितला नाही. माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवला आणि वरचेवर बघायचं नाही असं ठरवलं, कारण बघितलं की वास जातो असं मला वाटायचं. दिवाळी तोंडावर आली. पोतं जाळायचा दिवस आला तेव्हा मात्र राहवलं नाही. शर्ट काढला आणि घडी उघडायला गेले तर तो घडीवरच तुटला. तेजाब लागलेलं सुती कापड टिकत नाही. बाही हातात आली, पाठ तिथेच राहिली, खिशाचा भुगा झाला. वास तेजाबाचाच होता, ह्यांचा नव्हता.

ते तुकडे ओच्यात घेऊन मी दुकानात गेले. भाऊजी म्हणाले, "नको, ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "राहण्यासारखं काही राहिलं नाही. पण हे पोत्यात नको, वेगळं जाळा." त्यांनी दुसरी मूस घेतली. तुकडे जाळून त्यांची राख आटवली. नवा गडी पंख्याखाली उभा राहून बघत होता. पंखा चालू होता.

आमच्याकडे घरातला माणूस अवेळी गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक ठोकून देवाऱ्यात ठेवतात. मुशीतून निघाली ती गोळी भाऊजींनी गार करून माझ्या तळहातावर ठेवली. ज्वारीच्या दाण्याएवढी. "टाक करू," ते म्हणाले. "कमी पडंल ती दुकानातली घालतो." मी नको म्हटलं. त्या दुकानातली चांदी मला ह्यांच्यात मिसळायची नव्हती. तेवढ्या दाण्याचा टाक होत नाही, म्हणून देवाऱ्यात टाक नाही. दाणा माझ्याकडे आहे. एवढ्याशा चांदीसाठी मी त्या पहिल्या आठवड्यानंतर ह्यांचा एकही शर्ट धुतला नव्हता.