आईच्या गाडीचा क्लच

गेल्या रविवारी आमच्या वसईच्या वाडीत जो काही गोंधळ झाला ना... हसून हसून अजून माझं पोट दुखतंय. खरं तर नायगावच्या फ्लॅटवरून मी तिकडे गेले ती आईच्या काळजीने.

झालं असं की, घरामागच्या शेडमध्ये आमची जुनी गाडी वर्षानुवर्षं उभी आहे. पांढरी, स्टीअरिंगपाशी गिअर असलेली. घेतली बाबांनी, पण चालवायची आई! बाबांना ड्रायव्हिंग कधी जमलंच नाही. सोनचाफ्याच्या करंड्या मागे टाकून आई स्टेशनला निघायची आणि बाबा शेजारी ऐटीत बसायचे.

बाबा गेले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. आता दादाला शेड पाडून तिथे खोल्या बांधायच्यात. गाडी चालली तर अंगणात ठेवू, नाहीतर भंगारात, असं त्याने जाहीर करून टाकलं. तेव्हापासून आई धड जेवेना. दादा वाईट नाहीये हां, फक्त त्याला सगळ्याची घाई.

आमच्या ओळखीच्या पास्कल मेस्त्रींनी बॅटरी, ब्रेक, टाकी सगळं नीट केलं. इंजिनही मस्त सुरू झालं. पण क्लच! आतली प्लेट गंजून घट्ट चिकटलेली. पेडल दाबा नाहीतर त्यावर उभे राहा, गिअर पडेल तर शपथ.

आणि हा गंज आला कुठून? समुद्राची हवा होतीच, पण बाकीचे प्रताप आमचे! दर दसऱ्याला आम्ही पाईप लावून गाडी धुवायचो, अगदी खालूनसुद्धा. मग हार, हळदकुंकू, नारळ, पेढे... आणि शेडचं दार बंद. एकदा चालू करून बघावी, हे एकालाही सुचलं नाही. मेस्त्रींनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

गिअरबॉक्स उतरवायचा तर गाडी आणखी कित्येक दिवस तिथेच, आणि कॉन्ट्रॅक्टर तर दुसऱ्याच दिवशी यायचा होता. मग एकच उपाय उरला. गाडी गिअरमध्ये ठेवूनच स्टार्टर मारायचा, क्लच पूर्ण दाबून धरायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबत-सोडत झटके द्यायचे. सुटला तर सुटला.

दादा बसला. गाडीने अशी उडी मारली की त्याने घाबरून चावीच बंद केली. परत तेच... मग आई पदर खोचून पुढे आली आणि त्याला उठवून स्वतः बसली. मेस्त्रींनी बजावलं, "वहिनी, क्लच सुटेपर्यंत गाडी नीट थांबणार नाही हां."

"मला कुठे थांबायचंय?" आई म्हणाली.

आणि निघाली की! केळीच्या कडेने, उड्या मारत, धक्के खात... पुढे आई, मागे आम्ही धावतोय, कोंबड्या सैरावैरा, शेजारच्या काकू कुंपणाशी तोंडाला पदर लावून. कितव्या फेरीला कुणास ठाऊक, आतून खाडकन आवाज आला. इंजिन एकदम मोकळं गरजलं आणि गाडी अलगद थांबली... इंजिन चालूच! आईने परत पहिला गिअर टाकला. पडला! मेस्त्रींनी टाळी वाजवली आणि मला चक्क रडू फुटलं.

दादा धावत गेला, दार उघडून तिला उतरवायला हात पुढे केला. पण आई जागची हलली नाही.

"आधी कॉन्ट्रॅक्टरला फोन लाव. शेड पाडायची नाही म्हणून सांग. पावसात माझी गाडी कुठे ठेवू मी?"

दादाने निमूट फोन काढला. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले... इतकी वर्षं ती 'ह्यांची गाडी' म्हणत आली होती. 'माझी गाडी' हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. आई, तू किती भारी आहेस गं!