नवरा येतोच आहे

अमिरातीतल्या अल ऐनच्या आमच्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट होती. मूळची प्रागची, चाळिशी ओलांडलेली. पेशंटच्या गुडघ्यावरही बोटांनी ताल धरायची आणि 'यल्ला, यल्ला' म्हणत त्याला चालायला लावायची. कुणाकडे गेली की दाराकडे तोंड करूनच बसायची.

नव्वदच्या दशकात माझी मंगळागौर झाली, तेव्हा तिलाही घरी बोलावलं. झिम्मा-फुगडी रंगात आली तसा तिने तांदळाचा रिकामा डबा ओढला आणि असा काही बडवला, की खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन शेजाऱ्यांनी बेल दाबली. आमच्या फुगड्या थांबल्या. ती मात्र उठली, टेबलावरचं जाळीचं कापड सासूबाईंच्या डोक्यावर टाकलं, त्यांना मधोमध बसवलं आणि दार उघडलं. खरी नवी नवरी मी, पण मान मिळाला सासूबाईंना!

"वेडिंग, हबीबी!"

"नवरा कुठाय?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"येतोच आहे, इन्शाल्ला."

शेजाऱ्यांनी सासूबाईंकडे नीट बघितलं, 'मबरूक' म्हणत अभिनंदन केलं आणि हसत खाली गेले.

"कम्युनिस्टांच्या राज्यात आम्हा मुलींच्या रॉक बँडला बंदी होती," ती म्हणाली. "मग कुणाचं तरी लग्न काढून चोरून वाजवायचो. पोलीस आले की मीच नवरी. नवरा येतोच आहे म्हणायचं."

"मग आला का गं तो कधी?" सासूबाईंनी मला विचारायला लावलं. डोक्यावरचं कापड त्यांनी अजून काढलं नव्हतं.

"नाही," ती डबा पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, "पण गाणी सगळी वाजवून झाली."