मुठीत गोटा धरून गाणारी

गाण्याआधी ती उजव्या मुठीत नदीतला गोटा धरायची. लिंबाएवढा, काळा, गुळगुळीत. माइकसमोर उभी राहिली की मूठ आवळायची, छोटा श्वास घ्यायची आणि मग आवाज सुटायचा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, तो खाली ठेव, माझ्या मशीनवर पडेल." तर म्हणाली, "हातमा गोटा ऱ्हायना म्हंजेच सूर येस, भाऊ." हे तिचं ठरलेलं वाक्य.

तुम्ही खान्देशातले असाल तर आखाजी सांगायला नको. नसाल तर ऐका. माहेरी आलेल्या लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि काही गावांत गौराई बुडवायला नदीवर गेल्या की पलीकडच्या गावच्या बायांना गाण्यातून शिव्या देतात. शिव्या संपल्या की दगड. पुरुषांनी मध्ये पडायचं नाही. धरणगावकडच्या तिच्या गावात सगळ्यांत पुढे ही. कपाळावर मोठी खोक होती. "हाई पलीकडनी भेट," म्हणायची आणि हसायची.

जळगावात कॅसेटच्या दुकानामागे शेठची एक खोली होती, भिंतींना गाद्या ठोकलेली. तिथे मी सिंथेसायझर वाजवायचो, रेकॉर्डिंगही मीच करायचो. नव्वदच्या आसपासचे दिवस. शेठला आपल्या बोलीतलं, पण शहरातल्या पोरांना नाचवेल असं एकच गाणं काढायचं होतं, कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच. हिला त्याने नदीवर ऐकलं होतं, दगड चुकवत पळता पळता.

ड्रम मशीन ऐकून हिने कानांवर हात ठेवले. "हाई काय? शेपटीले डबडं बांधेल कुत्रं पळनं का?" मी एकेक आवाज दाबत गेलो. एका ठिकाणी ओरडली, "हाऊच! कवाडवर दगड बसना का असाच वाजस!" तोच ठेका धरला. त्यावर तिचं नदीवरचं आव्हान, "ये ना व सामने, दखू तुना जोर." अहो, काय सांगू! मी तिथल्या तिथे टेप चालू केली. शेठकडे तिचं मागणं एकच होतं. कॅसेटवर स्वतःचं नाव, मोठ्या अक्षरांत. "नदीवर कितलं बी गाऊ, नाव गावनं होस," म्हणायची.

घरी ती शिवणक्लास सांगून यायची. तिच्या भावाला कळायचं ते कळलंच. त्याने लाथेने दार उघडलं, तिची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं. मी मध्ये पडलो तर माझा पुढचा दात गेला. मग त्याने सिंथेसायझर उचलून जमिनीवर आदळला. "कॅसेटवर नाव उनं तं दोन्ही हात तोडी टाकसू!" तिने समोरून गोटा मारला. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. तो लोंबकळता हात धरून निघून गेला. मी रक्त थुंकतोय आणि ही बया गोटा पदराला पुसत म्हणते, "चाला भाऊ, लावा परत." चार पट्ट्या मेल्या होत्या. उरलेल्यांवर वाजवलं. तुम्ही ऐकलेलं गाणं ते.

पण शेठ घाबरला. कॅसेट आली तेव्हा कव्हरवर मुंबईच्या कुठल्याशा पोरीचा फोटो आणि खाली 'गावाकडची पोर' एवढंच. ती दुकानात आली, कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. "मन्हं नाव कोठे शे?" शेठ म्हणाला, "तुझ्या भावाला विचार." पुढच्या क्षणाला शोकेसची काच खळ्‌कन खाली आली. सगळ्या दुकानासमोर ती हमसून हमसून रडली आणि गोटा न उचलताच गेली. मी तो माझ्या टेबलावर ठेवला. मला फार वाईट वाटलं होतं हो, पण पगार शेठचा.

गाणं असं सुटलं की विचारू नका. रावेरच्या केळीच्या ट्रकवर तेच, धुळ्याच्या रिक्षांत तेच. भावाने तिचं घाईघाईत धुळ्याकडे लग्न लावलं, आणि वरातीत बँडवाल्यांनी तिचंच गाणं वाजवलं. नवरा त्यावर घाम फुटेपर्यंत नाचला. गाणं कोणाचं, ते त्याला ठाऊक नव्हतं; ही मुंडावळ्या बांधून बघत उभी.

वर्षभराने ती खोलीत आली. पुढचे दात नव्हते. धुणं धुताना गुणगुणली, नवऱ्याला आवाज ओळखू आला, त्याने लोटा तोंडावर हाणला. "म्हने, मी तुन्हा आवाजवर नाचनू का?" एवढंच सांगितलं आणि गाणं लावायला लावलं. उभ्यानेच ऐकलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग टेबलावरचा गोटा उचलला. "भलता दिन तुमनाकडे ऱ्हायना. लई जास." फार दिवस राहिला, नेते म्हणाली.

मी म्हटलं, "जपून गं."

"कोनले जपू, भाऊ?"

मी अडवलं नाही. आजही अडवणार नाही. आठवड्यात कळलं, नवऱ्याचा जबडा धुळ्याच्या दवाखान्यात तारेने बांधलाय आणि ती घरात नाही, गावात नाही, कुठेच नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी भाऊ आणि नवरा दोघं माझ्यासमोर उभे. एकाचा खांदा उतरलेला, दुसऱ्याचा जबडा वाकडा. दोन्ही तिचंच काम. नवऱ्याच्या कमरेला कोयता होता. भावाने सुरतेहून आलेली एक कॅसेट पुढे केली. फोटो नाही, नाव भलतंच, पण मोठ्या अक्षरांत. "तू तिले गानं गवाडेल शे. ऐक. हाई तीच शे ना? सापडनी तं जित्ती नही सोडाव."

मी कॅसेट लावली. ओळीआधी तो छोटा श्वास, जसा मूठ आवळताना घ्यायची. 'स' वर दातांच्या फटीतून वारा. मी शेवटपर्यंत ऐकलं, मान हलवली आणि म्हणालो, "छे! ही कोणीतरी दुसरी. तिचा गळा असा तयार कुठे होता? ती आपली नदीवर ओरडणारी."

ते गेले. मी दाराला कडी लावली आणि गाणं पुन्हा लावलं. नावासाठी तिने काच फोडली, आणि मी त्यांच्या तोंडावर तिच्या आवाजालाच नाकारलं. ऐकलं असतं तर माझंही डोकं फोडलं असतं तिने, आणि मी फोडू दिलं असतं.

तिचं खरं नाव मला माहीत आहे. ते दोघं अजून जिवंत आहेत, म्हणून इथे लिहीत नाही.