लेलेबाईंची रिकामी चौकट

लेलेबाई स्टेडियमच्या मॉडेलपुढे सरळ गुडघ्यांवर बसायच्या, एक डोळा मिटायच्या आणि दुसरा शेवटच्या रांगेला भिडवायच्या. टोकियोच्या ऑफिसात, कोट-टायवाल्यांसमोर, पंचावन्नाव्या वर्षी! मला तर लाजच वाटायची.

आमच्या कंपनीकडे स्पेनमधल्या एका बंदराच्या गावातलं जुनं फुटबॉल स्टेडियम नव्याने बांधायचं काम होतं. बाई आर्किटेक्ट, बसायच्या रांगा त्यांच्याकडे. मी पुण्याहून कॉन्ट्रॅक्टवर आलेली. कुठल्या खुर्चीवरून मैदान किती दिसतं, ते मोजणारा प्रोग्राम माझा.

गोलमागचा उत्तरेचा स्टँड बाईंचा भारी लाडका. गोदीतल्या हमालांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः फळ्या ठोकून तो उभा केला होता. काँक्रीट नंतर आलं. मागे रस्ता, जागाच नाही, म्हणून रांगा शिडीसारख्या उभ्या चढवलेल्या. "अडचणीतून निघालेलं डिझाइन आहे गं हे, म्हणून इतकं नेमकं," बाई म्हणायच्या.

आता क्लबला त्याच्या डोक्यावर बड्या लोकांसाठी काचेच्या खोल्या हव्या होत्या. त्यासाठी नकाशात चढ कमी केला, आणि वरच्या सहा रांगांना पुढच्याच्या डोक्याआड गोलची रेषा दिसेना. माझ्या प्रोग्रामने सगळ्या स्टेडियमची सरासरी काढून 'पास' दिलं. बाई कडाडल्या, "सरासरी माणूस कुठे बसतो गं? त्याला तिकीट कोणी विकलं?"

मंजुरीचा कागद फिरला. आमच्याकडे प्रत्येकाने आपल्या चौकटीत नावाचा शिक्का मारायचा, तोही साहेबाच्या शिक्क्याकडे जरा कलता, वाकून नमस्कार केल्यासारखा. सगळे वाकले. बाईंची चौकट कोरी. "लेले-सान, हे जरा कठीण आहे," आमचे साहेब मोरिता-सान हळूच म्हणाले. म्हणजे मुकाट्याने ऐका. बाईंचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. मी निशी-कसाई या टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत त्यांच्या घरी जाऊन अक्षरशः हातापाया पडले. "बाई, मारा ना शिक्का! व्हिसा जाईल तुमचा."

"जाऊ दे. ज्यांच्या आजोबांनी ती जागा बांधली, त्यांनाच तिथून गोल दिसणार नाही, आणि मी म्हणायचं ठीक आहे? हात मोडला तरी नाही मारणार."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. बाई पुण्याला परत गेल्या. विमानतळावर मी रडले, त्या नाही रडल्या.

मग साहेबांनी त्या चौकटीवर माझं नाव घातलं. शिक्का हातात घेतला आणि माझ्याच प्रोग्रामने दिलेलं ते 'पास' आठवलं. माझाच मला संताप आला. सहा रांगांतली एकेक खुर्ची वेगळी मोजली, आकडे कागदाला टाचले आणि चौकट कोरीच ठेवून तो परत पाठवला. मोरिता-साननी कारण विचारलं. "गोल दिसत नाही," मी म्हणाले.

महिनाभर ऑफिसात माझ्याशी कोणी धड बोललं नाही. पण कागदाबरोबर आकडे स्पेनला क्लबकडे पोचले, तिथून बाहेर फुटले, तिथल्या प्रेक्षकांनी गहजब केला, आणि काचेच्या खोल्या रद्द होऊन चढ पहिल्यासारखा झाला. मी धावत खाली जाऊन बाईंना फोन लावला, एका दमात सगळं सांगितलं.

पलीकडून कौतुकाचा एक शब्द नाही.

"बरं. आणि दक्षिणेकडच्या रांगा? त्या तपासल्यास का?"