येते म्हण

नागपुरात आईला अँजिओप्लास्टीसाठी आत न्यायचं होतं आणि इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये माझ्या लेकीची स्कूलबस यायची होती. तिकडे संध्याकाळ, इकडे सकाळ. भावाने व्हिडिओ कॉल लावून फोन आईसमोर धरला. लेकीने पाठीवर दप्तर चढवता चढवता मराठी शब्द जुळवले.

"आजी, मी जाते."

आमच्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. 'जाते' म्हणजे कायमची. "येते म्हण, येते!" मी ओरडले.

"बट आय ॲम गोइंग, मॉम!" असं म्हणून ती बसकडे पळाली.

आई हसली. "अगं, तिच्यावर कशाला ओरडतेस? मीच म्हणते. येते हं मी." आणि फोन बंद झाला.

थोड्याच वेळात मी कॉलेजात एका आफ्रिकन लेखिकेची कादंबरी शिकवत उभी होते. नायिका मिशनच्या शाळेत शिकते, तिथे घरची भाषा बोललं की छडी. सुट्टी संपल्यावर ती आईचा निरोप शाळेतल्या बाईंच्या इंग्रजीत घेते आणि आई दारात नुसती उभी राहते. यावर मी दरवर्षी ऐटीत बोलते: साम्राज्याची भाषा, शिक्षण, बाईची ओळख, सगळं कसं तोंडपाठ. त्या दिवशी मात्र वाक्यावाक्याला अडखळत होते. एवढी शिकलीस आणि शकुन-अपशकुन काय मानतेस, असं स्वतःला दटावत होते, पण डोळे टेबलावरच्या फोनवरून हलत नव्हते.

"आई उत्तर का देत नाही? रागावलीय का?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "मुलगी परत येणार आहे की नाही, तेच तिला त्या शब्दांतून कळत नाही."

हे माझ्या टिपणांत नव्हतं. माझ्या घरात तर कुणी छडीही उगारली नव्हती, तरी 'येते' हा शब्द गेला होता. मला भयंकर भीती वाटत होती आणि समोर मुलं माझं वाक्य उतरवून घेत होती.

फोन वाजला. भावाचा नंबर. वर्गाला काही न सांगताच मी उचलला. आधी नुसती खरखर, मग आईचा दमलेला आवाज.

"आले गं. पोरीला सांग, आजी आली."