सदऱ्याची बाही

मेहरूण तलावावर फिरताना एका कुत्र्याच्या अंगावर खेकसायला वळलो आणि धाडकन उजव्या हातावर आपटलो. करंगळीच्या मुळाशी, तळहातातलं हाड मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून बारीक तारांनी ते जुळवलं. तारांची टोकं कातडीबाहेर, वर पट्टी आणि अर्धं प्लास्टर. "हाड सरकलं तर मूठ नीट वळणार नाही, आबा. कपडे घालताना कोणाची तरी मदत घ्याच," असं त्यांनी बजावलं.

मदत कोणाची घेणार, कप्पाळ! बायको लेकीच्या बाळंतपणासाठी धुळ्याला. मुलाची ड्यूटी भुसावळला, रेल्वेत. घरात मी आणि सून. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि थेट बोलत नाही. मी समोर बसलेला असलो तरी "आबा चहा घेतील का, विचारा ना," असं ती माझ्या बायकोला म्हणायची. आता मध्ये कोणी उरलं नाही. ती दाराच्या चौकटीला विचारायची, मी भिंतीवरच्या कॅलेंडरला उत्तर द्यायचो.

ती भाकरी दुधात कुस्करून ताट ठेवून जायची. डाव्या हाताने चमचा धरून अर्धं पोटात, अर्धं बंडीवर. एका सकाळी पाहतो तर माझ्या बठ्ठ्या, अगदी एकूण एक पायजम्यांच्या नाड्या गायब, आत इलॅस्टिक. म्हणजे मला नाडी सोडता येत नाही, हे तिला कळलं होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, सोय झाली म्हणावं ना? छे! दिवसभर तोंड फुगवून बसलो.

पुढे नात्यातला एक साखरपुडा आला. मी दाराला कडी घालून लांब बाह्यांचा सदरा चढवायला लागलो. प्लास्टर काही बाहीत जाईना. माझी धुसफूस ऐकून ती बाहेरून म्हणाली, "बाही उसवून देऊ का?"

"काही गरज नाही!" मी ओरडलो आणि सगळा जोर लावून हात आत खुपसला. पट्टी सरकली, बाही तारेत अडकली, आणि मी "आई गं!" करून खालीच बसलो.

कशीबशी कडी काढली, आणि रिक्षातून दवाखान्यात तीच घेऊन गेली. अंग चोरून पार कडेला बसली होती. नवा एक्स-रे पाहून डॉक्टर भडकले. हाड सरकलं होतं, आता पुन्हा उघडून प्लेट बसवावी लागणार होती. "घरात कोणीच नव्हतं का हो तुमच्या?"

"नाही," मी म्हणालो. "कोणी नव्हतं."

ती माझ्या खुर्चीमागेच उभी होती, एक्स-रेचं पाकीट हातात घेऊन. तिच्याकडे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

त्याच दिवशी, बाही अजून तारेत अडकलेलीच असताना, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने आवाज दिला, "आजोबांचा सदरा काढायचाय. सोबत कोण आहे यांच्या?" मी मान खाली घालून बसलो.

"मी शे ना," मागून आवाज आला. पिंपळनेरची पोर, शहरात कधी माहेरची बोली बोलत नाही. त्या वेळी मात्र तीच तोंडातून निघाली. तिने पदर कमरेला खोचला, पर्समधून कात्री काढली आणि माझ्यासमोर बसली. कात्री तिने घरूनच घेतली होती. तारेला धक्का न लावता तिने ती बाही मनगटापासून खांद्यापर्यंत टाका टाका उसवली. इतक्या वर्षांत तिने माझ्या हाताला पहिल्यांदाच हात लावला होता.

करंगळी आता पुरती मिटत नाही. रोज सकाळी ती समोर बसून ते बोट दाबते आणि थेट माझ्याकडे बघून म्हणते, "अजून थोडं, आबा." दुखतं फार. पण मी हूं की चूं करत नाही, कुठल्या तोंडाने करणार?